न केलेल्याचे फळ

भारतीय दर्शनांनी हिंसेचा विचार केला तेव्हा त्यांच्यासमोर बहुधा एक मारणारा, एक मरणारा आणि त्या दोघांना एका ठिकाणी व एका वेळी जोडणारी एक क्रिया होती. व्याधाचा बाण, यज्ञातला पशू, पायाखाली सापडलेली मुंगी ही त्या विचाराची नेहमीची उदाहरणे. किनाऱ्यालगतच्या समुद्रात पारा, कॅडमियम, शिसे, तांबे यांसारखे जड धातू साचत जातात आणि चिखलात रुतून किंवा खडकाला चिकटून जगणाऱ्या शिंपल्यांच्या देहात उतरतात, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुटतात. सांडपाणी सोडणारा कोसभर आत कारखान्यात असतो, ज्याच्यावर आघात होतो तो जीव ओहोटीच्या रेषेवर असतो, आणि क्रिया व आघात यांच्यामध्ये कधी वर्षे तर कधी दशके जातात. ज्याला मारण्याची इच्छा कोणी धरली नाही आणि ज्याला मारताना कोणी पाहिले नाही, अशा जीवाच्या हानीला हिंसा म्हणावे का, आणि म्हणावे तर तिचा कर्ता कोण ठरतो, हा प्रश्न म्हणूनच जुन्या उदाहरणांच्या साच्यात सहज बसत नाही. तो तपासण्यासाठी जैन विचाराचा आधार विशेष उपयोगी पडतो. कारण कर्म हे सूक्ष्म द्रव्य आहे असे मानणारी आणि शिंपल्याला जीवांच्या गणनेत निश्चित जागा देणारी परंपरा तीच आहे.

जैन शास्त्रांनी संसारी जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून केली. माती, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांच्या रूपाने जगणाऱ्या जीवांना स्पर्श हे एकच इंद्रिय. कृमी, शंख, शिंपले, कवड्या यांना स्पर्श आणि रसना अशी दोन इंद्रिये, म्हणून ते द्वींद्रिय. प्राण म्हणजे जगण्याला आधार देणाऱ्या शक्ती. त्या एकूण दहा मानल्या असून द्वींद्रिय जीवाच्या वाट्याला त्यांपैकी सहा येतात: दोन इंद्रिये, शरीराचे बळ, वाणीचे बळ, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. शिंपल्याला वाणीचे बळ आहे असे म्हणणे आजच्या वाचकाला विलक्षण वाटेल, परंतु रसना आली की तिच्यामागून वाणीची शक्यता येते असा त्यामागचा तर्क आहे. या गणनेतली महत्त्वाची गोष्ट अशी की शिंपल्याला वेदना होते हे सिद्ध करण्याची अट तिने घातलेली नाही. पाश्चात्त्य नीतिशास्त्रात पीटर सिंगर यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांचा विचार दुःख अनुभवण्याच्या क्षमतेवर उभारला, तेव्हा कालवाच्या जातीच्या प्राण्यांपाशी त्यांची सीमारेषा डळमळली. आधी त्यांनी ते खाण्यास हरकत मानली नाही, पुढच्या आवृत्तीत मात्र संशयाचा फायदा त्या प्राण्यांना दिला. कालवाला केंद्रीय मेंदू नसतो, मज्जापेशींच्या काही गाठी असतात, आणि तेवढ्यावरून त्याला दुखते की नाही हे आजही कोणी ठामपणे सांगू शकत नाही. जैन गणनेला हा पेच पडत नाही, कारण ती विचारते ते एवढेच की या जीवाजवळ हिरावून घेण्यासारखे काय आहे. आणि सहा प्राण ही काही थोडी संपत्ती नव्हे.

आता हा जीव जगतो कसा ते पाहू. कालव, शिनाणे, तिसऱ्या, खुबे हे सर्व दोन शिंपांचे मृदुकाय प्राणी असून त्यांतले बहुतेक पाणी गाळून पोट भरतात. कल्ल्यांवरच्या असंख्य सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाणी आत ओढले जाते, त्यातले कण चिकट द्रवात अडकतात, तोंडाजवळच्या पाकळ्यांसारख्या अवयवांनी त्यांची निवड होते, आणि उरलेले पाणी बाहेर पडते. चांगले वाढलेले कालव अनुकूल स्थितीत दिवसाकाठी शंभराहून अधिक लिटर पाणी अशा रीतीने गाळू शकते. पाण्यात धातूचे प्रमाण अत्यल्प असले तरी एवढे पाणी ज्याच्या देहातून जाते त्याच्या देहात ते अल्प राहत नाही. एखाद्या सजीवाच्या अंगात भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट अधिक द्रव्य साठत जाण्याच्या या क्रियेला जैवसंचय म्हणतात. माशाला विषारी पाण्यातून निघून जाता येते. शिंपल्याला जागा सोडता येत नाही, किंवा सोडली तरी फार दूर जाता येत नाही. याच कारणासाठी एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली असे सुचवले की जगभरच्या किनाऱ्यांची तपासणी करायची तर शिनाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांनाच पहारेकरी मानावे, आणि पुढे अनेक देशांनी ती पद्धत स्वीकारली. पाण्याचा नमुना त्या क्षणापुरते सांगतो, शिंपला मागच्या कित्येक महिन्यांचे सांगतो. शास्त्रकारांनी त्याला दिलेले वाणीचे बळ अशा अनपेक्षित वाटेने खरे ठरले, एवढे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या स्वयंपाकघरात तिसऱ्या आणल्यावर त्या आधी पाण्यात ठेवतात, म्हणजे त्या तोंड उघडून पोटातली रेती टाकतात. मग विळीवर त्या उघडून, एक शिंप काढून टाकून, गर लागलेली दुसरी शिंप ठेवून एकशिपी करतात. या भिजवण्याने रेती जाते, शिजवण्याने जंतू मरतात. धातू मात्र मूलद्रव्य असल्यामुळे त्याला कुजणे नाही, जळणे नाही, मरणे नाही. पेशींमध्ये मेटॅलोथायोनिन नावाची गंधकयुक्त प्रथिने असतात. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियमला बिलगलेल्या रूपात ती प्रथम सापडली. शिंपल्याच्या देहातही अशी प्रथिने कॅडमियम, तांबे, जस्त यांना धरून ठेवतात आणि त्यांचा उपद्रव काही काळ रोखतात. म्हणजे शिंपला विष बाहेर टाकू शकला नाही तर त्याला स्वतःत बांधून ठेवतो. ज्या शिंपल्याने असे पुष्कळ बांधून ठेवले आहे तो दिसायला धडधाकट असू शकतो. मऊपणावरून, वासावरून किंवा रंगावरून तो ओळखता येत नाही. क्वचित तांबे फार झाले तर कालवाचा गर हिरवा पडतो, जसा १९८६ साली तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर भंगार धातूंच्या व्यवसायातील सांडपाण्यामुळे पडला होता, परंतु पारा आणि कॅडमियम असा कोणताही रंग देत नाहीत.

हे सर्व वाचताना जैन कर्मसिद्धान्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या सिद्धान्तात कर्म ही केवळ नैतिक नोंद नसून ते पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, आहे. मन, वाणी आणि काया यांच्या हालचालींमुळे ते आत्म्याकडे वाहत येते, हा आस्रव. राग-द्वेषादी कषायांच्या चिकटपणामुळे ते त्याला जखडते, हा बंध. येणारा प्रवाह थोपवणे हा संवर. आणि आधी चिकटलेले झाडून टाकणे ही निर्जरा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात बंधाचे चार पैलू सांगितले आहेत: प्रकृती, म्हणजे चिकटलेल्या कर्माचा प्रकार, स्थिती, म्हणजे ते किती काळ राहील, अनुभाग, म्हणजे त्याच्या फळाची तीव्रता, आणि प्रदेश, म्हणजे त्याचे परिमाण. विषशास्त्राचा अभ्यासक शिंपल्याचा किंवा माणसाचा देह तपासतो तेव्हा तोही नेमके हेच चार प्रश्न विचारतो: कोणता धातू, किती काळ टिकणारा, किती जहाल आणि किती. मिथाइल पारा माणसाच्या शरीरातून निम्मा होण्यास साधारण पन्नास दिवस लागतात, तर मूत्रपिंडात शिरलेल्या कॅडमियमला तेवढ्यासाठी दहा ते तीस वर्षे लागतात, ही स्थिती. दोन अगदी वेगळ्या शास्त्रांनी, एकमेकांची खबर नसताना, चिकटणाऱ्या द्रव्याचा हिशेब एकाच पद्धतीने मांडावा, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. जे परत जात नाही त्याचा विचार मनापासून करायला बसले की माणसाला बहुधा याच चार खुंट्या सापडतात.

संवराची उपमा तर याहून जवळची आहे. आस्रवाची द्वारे बंद करणे असा त्याचा अर्थ सांगितला जातो, आणि शिंपल्याजवळ खरोखरीच एक द्वार आहे. पाण्यात तांब्याचे प्रमाण वाढले की शिनाणे आपल्या शिंपा मिटून घेतात. त्यांची ही उघडझाप यंत्राने मोजून पाण्यावर नजर ठेवण्याची सोय युरोपात केलेली आहे. परंतु मिटलेल्या शिंपल्याला प्राणवायू मिळत नाही, अन्न मिळत नाही. त्याला काही काळ साठ्यावर जगता येते आणि मग उघडावेच लागते. शिवाय कॅडमियम आणि शिसे यांची जाणीव त्याला तांब्याइतक्या लवकर होत नाही. त्यांचे प्रमाण कितीतरी पट चढेपर्यंत दार उघडेच राहते. सहा प्राण असलेल्या या जीवाला करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि तीही पुरेशी नाही. साधूचा संवर त्याच्या निश्चयावर टिकतो. शिंपल्याचा भरतीच्या पाण्यात काय मिसळले आहे त्यावर.

येथवर साम्य चालते आणि पुढे ते तुटते. जिथे तुटते तिथेच खरा प्रश्न आहे. कर्म चिकटते ते ज्याने केले त्याला. भारतीय दर्शनांनी एकमेकांवर केलेल्या आक्षेपांत दोन दोष वारंवार येतात: कृतनाश, म्हणजे केलेल्या कृत्याचे फळ कर्त्याला न मिळता वाया जाणे, आणि अकृताभ्यागम, म्हणजे जे केलेच नाही त्याचे फळ कोणाच्या तरी वाट्याला येणे. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी बौद्धांच्या क्षणिकवादावर हाच आक्षेप घेतला की प्रत्येक क्षणी नवा जीव मानला तर करणारा एक आणि भोगणारा दुसरा असे होईल. ज्या सिद्धान्तातून असे निष्पन्न होते तो सिद्धान्त खोटा, इतका हा दोष त्यांना असह्य वाटत होता. प्रदूषित खाडी ही या दोषाची उघड्यावर मांडलेली व्यवस्था आहे. करणाऱ्याचे केलेले वाहून जाते आणि त्याच्या देहाला काही चिकटत नाही. न करणाऱ्याच्या देहात ते जमा होते, त्याला खाणाऱ्याकडे जाते, खाणारी गर्भवती असेल तर तिच्या पोटातल्या गर्भाकडेही जाते. तर्कात जे अशक्य म्हणून मोडीत काढले होते ते रसायनशास्त्रात रोज घडते.

यावर एक जुने उत्तर आहे: शिंपल्याने किंवा आजारी पडलेल्या मुलाने पूर्वजन्मी काही केले असेल. हे उत्तर कर्मसिद्धान्ताचा आधार घेत असले तरी त्या सिद्धान्ताशी प्रामाणिक नाही. फळाचे उपादान, म्हणजे मूळ कारण, भोगणाऱ्याच्या पूर्वकर्मात शोधले तरी निमित्त, म्हणजे ज्याच्या हातून ते घडले तो, त्याच्या स्वतःच्या प्रमादाने स्वतःसाठी नवा बंध जोडतोच. कोणाचे प्रारब्ध फळाला आले म्हणून मारणाऱ्याचे काही माफ होत नाही. ज्याच्या घरात रोगी नाही त्याने हे उत्तर रोग्याला देणे हा कर्मविचाराचा उपयोग नसून त्याची विटंबना आहे.

मग कर्तृत्व कशाने ठरते? बौद्ध परंपरेने कर्माचा गाभा चेतनेत, म्हणजे हेतूत, पाहिला. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात नालंदेचा उपाली हा निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा, उपासक बुद्धांशी याच मुद्द्यावर वाद करण्यास जातो: कायेने घडलेले अधिक दोषाचे की मनाने केलेले? बुद्ध मनाला प्राधान्य देतात. जैनांनी या मताची खिल्ली उडवली, कारण त्यानुसार भोपळा समजून मूल कापणारा निर्दोष ठरेल. हा वाद दोन्ही बाजूंनी थोडा अतिरंजित झालेला आहे आणि बौद्ध विनयातही निष्काळजीपणाला जागा आहे. तरीही खाडीच्या प्रश्नासाठी हेतूची कसोटी अपुरी पडते हे मान्य करावे लागते. त्याचे एक ठळक उदाहरण फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात दिसले. होड्यांच्या बुडाला शंखशिंपले आणि इतर जीव चिकटू नयेत म्हणून कथिलाचे एक सेंद्रिय संयुग, ट्रायब्युटिल टिन, असलेला रंग लावला जाई. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील जोपासलेल्या कालवांच्या शिंपा विचित्र जाड होऊ लागल्या, थरांमध्ये पोकळ्या पडू लागल्या आणि नवी पिल्ले धरेनाशी झाली. १९८२ साली फ्रान्सने लहान होड्यांसाठी तो रंग बंद केला. येथे मारण्याचा हेतू होता, परंतु कालवाला मारण्याचा नव्हता. उलट कालवावर जगणाऱ्या माणसांच्या होड्याही त्याच धक्क्याला लागत असत. हेतू एका कवचधारी जीवाकडे रोखलेला आणि आघात दुसऱ्यावर, अशा प्रसंगी मनात डोकावून दोष मोजणे व्यर्थ आहे.

तत्त्वार्थसूत्राने हिंसेची जी व्याख्या केली तिचा आशय असा की प्रमत्त, म्हणजे बेसावध, अवस्थेतल्या हालचालींमुळे प्राणांचा वियोग घडणे ही हिंसा. या व्याख्येत हेतूच्या जागी सावधपणाचा अभाव आला आहे, आणि सावधपणा म्हणजे काय हे मोघम न ठेवता साधूंसाठी पाच समिती, म्हणजे काळजीचे पाच नियम, घालून दिले आहेत. चालताना पुढची जमीन पाहून चालणे हा पहिला आणि तो सर्वांना ठाऊक असतो. बोलण्याचा, भिक्षा घेण्याचा, वस्तू उचलण्या-ठेवण्याचा असे पुढचे तीन. पाचव्या नियमाची चर्चा सहसा कोणी करत नाही, कारण त्याचा विषय बोलण्यासारखा मानला जात नाही. त्याचे नाव उत्सर्ग समिती, किंवा परिष्ठापनिका. मल, मूत्र, कफ, उरलेले अन्न वा पाणी टाकताना जागा आधी डोळ्यांनी तपासावी, मग मऊ पिच्छीने वा रजोहरणाने झाडून घ्यावी, आणि जिथे जीव नाहीत अशाच ठिकाणी ते टाकावे. एका देहाच्या मळापुरता घालून दिलेला हा नियम औद्योगिक युगाला पूर्वीच्या कोणत्याही उपदेशापेक्षा नेमका लागू पडतो. त्यात टाकणे ही स्वतंत्र क्रिया मानली आहे आणि तिची जबाबदारी टाकलेली वस्तू हातातून सुटल्यावर संपत नाही. ती जिथे पडेल तिथले जीव आधीच मोजायचे आहेत. सांडपाण्याचा नळ समुद्रात सोडणाऱ्याने या नियमाने विचारायचे ते एवढेच की त्या तोंडाशी कोण राहते. समुद्रकिनारी त्या प्रश्नाला ‘कोणी नाही’ असे उत्तर असूच शकत नाही.

मराठीत अहिंसेचे सर्वांत हळुवार विवेचन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आहे. तेथे ज्ञानेश्वरांनी यज्ञासाठी आणि औषधासाठी होणाऱ्या हिंसेची समीक्षा करून मग अहिंसकाचे चालणे, बोलणे, पाहणे, त्याचे हात आणि शेवटी त्याचे मन असा क्रम लावला आहे. सूक्ष्म कणांतही जीव आहेत या जाणिवेने त्याचे पाऊल पडते. परंतु त्या वर्णनातली अहिंसा देहाच्या आवाक्यातली आहे: जिथे पाय पोहोचतो, नजर पोहोचते तिथवरची. ती कमी प्रतीची आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. १२९० साली माणसाच्या हातून सुटलेली वस्तू फार लांब जात नव्हती, इतकेच. आज हाताची लांबी नळाएवढी झाली आहे आणि नजर होती तेवढीच राहिली आहे.

गृहस्थांसाठी जैन आचारग्रंथांनी पंधरा कर्मादाने, म्हणजे टाळावेत असे पंधरा व्यवसाय, सांगितले. त्यांत विषाचा व्यापार आहे, तलाव आटवणे आहे आणि स्फोटकर्म, म्हणजे जमीन फोडणे-खणणे, हेही आहे. खाण आणि पाणी यांचा संबंध गोव्यापुरता तरी स्पष्ट करून सांगावा लागत नाही. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून लोह आणि मँगनीज यांचे खनिज बार्जेसमधून मुरगाव बंदराकडे दशकानुदशके जात होते, खाणींवरच्या टाकाऊ मातीचे ढीग पावसाळ्यात नद्यांत उतरत होते. २०१२ साली खाणी थांबल्या आणि मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झालेले काम २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत बंद झाले. याच जुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरात खिडकी-शिंपला राहतो. त्याची शिंप तळहाताएवढी, चपटी आणि अर्धपारदर्शक. जुन्या गोवेकर घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी लाकडी पट्ट्यांच्या चौकटींत याच शिंपा बसवलेल्या आढळतात. अशी एक शिंप उजेडापुढे धरली तर तिच्या वाढीच्या रेषा एकामागून एक दिसतात, प्रत्येक रेषा म्हणजे त्या नदीच्या मुखाशी गेलेला काही काळ. आणि दुपारी त्यांतून घरात येणारा उजेड दुधासारखा असतो. पाण्यात जे होते त्यातूनच ती घडलेली आहे. हा जीव आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, परंतु कायदा त्याला पकडणाऱ्या हाताला रोखू शकतो. वरून वाहत येणाऱ्या गाळाच्या हाताला रोखण्यासाठी स्फोटकर्माचा विचार करणाऱ्यांची दृष्टी लागते.

ज्या ठिकाणी हा प्रश्न पूर्णत्वाने उभा राहिला ते मात्र जपानमधील क्यूशू बेटावरचे मिनामाता होय. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ ते १९६८ या काळात ॲसिटाल्डिहाइड तयार होत असे, त्यासाठी पाऱ्याचा उत्प्रेरक वापरला जाई आणि त्या प्रक्रियेतच निर्माण होणारा मिथाइल पारा सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्या इस्पितळाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य केंद्राला एका अज्ञात मज्जाविकाराची खबर दिली. ज्या मुलींमुळे तो ध्यानात आला त्या समुद्राला अगदी लागून असलेल्या घरात राहणाऱ्या दोन लहान बहिणी होत्या. त्या किनाऱ्यावर मुले ओहोटीला शिंपले वेचीत आणि घरी तेच शिजत असे. मांजरे झोकांड्या खात पाण्यात पडत होती, पक्षी उडताना कोसळत होते, शिंपले उघडे पडून कुजत होते. म्हणजे शास्त्रकारांनी वाणीचे बळ दिलेल्या या सर्वांची साक्ष देऊन झाली होती. सप्टेंबर १९५८ मध्ये सांडपाण्याचे तोंड ह्याक्केन बंदराकडून मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवण्यात आले आणि पुढे त्या बाजूच्या गावांतही रोगी दिसू लागले. टाकण्याची जागा बदलताना तेथे कोण राहते हे पाहिले गेले नाही, आणि उत्सर्ग समितीचा भंग याहून उघडपणे दाखवता येणार नाही. १९५९ साली डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचेच सांडपाणी अन्नातून एका मांजराला दिले. प्रयोगाच्या वहीत त्याचा क्रमांक ४०० होता, आणि ऑक्टोबरमध्ये त्याला तीच लक्षणे झाली. कंपनीने ही गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे पाणी वाहत राहिले. १९७० साली मरणशय्येवर असताना होसोकावांनी त्या प्रयोगाची साक्ष दिली.

या क्रमात प्रमादाच्या दोन पायऱ्या वेगळ्या ओळखायला हव्यात. मांजर क्रमांक ४०० च्या आधी न पाहण्याचा दोष होता. नंतर पाहिलेले झाकण्याचा. दुसऱ्याला प्रमाद म्हणणे सौम्य होईल, तो माया, म्हणजे कपट, या कषायात मोडतो. परंतु पहिल्याला निर्दोष मानण्याची जी सवय आधुनिक मनाला लागली आहे ती कुमामोतोच्या न्यायालयाने २० मार्च १९७३ च्या निकालात मोडली. त्या निकालाचे सार असे की रासायनिक कारखान्याने आपले सांडपाणी सोडण्यापूर्वीच ते सजीवांना सुरक्षित आहे की नाही याचा शोध घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. नेमका कोणता विषारी पदार्थ त्यात आहे हे ठाऊक नव्हते, ही सबब चालणार नाही. जागा आधी तपासावी, झाडावी आणि मग टाकावे, हा श्रमणांचा नियम एका धर्मनिरपेक्ष न्यायालयाने स्वतःच्या वाटेने गाठला.

न्यायालयापाशी कर्त्याचा शोध संपतो असे ज्यांना वाटत नाही त्यांच्यात ओगाता मासातो या मच्छीमाराचे नाव घ्यावे लागते. १९५३ साली जन्मलेल्या ओगातांचे वडील १९५९ साली याच रोगाने गेले, स्वतः ओगातांच्या देहातही पारा होता, आणि रोगी म्हणून मान्यता मिळवण्याच्या चळवळीचे त्यांनी नेतृत्व केले. १९८५ साली त्यांनी आपला अर्ज मागे घेतला. पुढे लाकडी होडी बांधून, ती वल्हवत नेऊन, ते कारखान्याच्या दाराशी एकटे बसले. आणि २००१ साली आलेल्या पुस्तकाला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ ‘चिस्सो म्हणजे मीच होतो’ असा होतो. ज्या प्लॅस्टिकसाठी तो कारखाना चालत होता त्याच प्लॅस्टिकची होडी आपण वापरतो, त्याच विजेवर घर चालते, आणि त्या जागी आपण नोकरीला असतो तर वेगळे वागलो असतो याची खात्री नाही, असा त्यांचा विचार होता. अकृताभ्यागमाचे असे स्वेच्छेने केलेले रूप भारतीय तर्कग्रंथांना माहीत नव्हते: ज्याने केले नाही आणि ज्याने भोगले, त्यानेच न केलेल्याचे कर्तृत्व स्वतःवर घेतले. हे विधान ‘सगळेच थोडे थोडे दोषी’ या सोयीच्या विधानाशी घोळू देणे हा मोठा अन्याय ठरेल. ते विधान सांडपाणी सोडणारा करतो तेव्हा दोष पातळ होत होत दिसेनासा होतो. ओगातांनी ते केले तेव्हा दोष दाट झाला, कारण त्यांनी तो कोणाकडून काढून घेतला नाही. १९७३ चा निकाल त्यांच्या शब्दांनी रद्द होत नाही. निकालानंतरही न मिळालेल्या उत्तराकडे ते शब्द बोट दाखवतात.

१९७७ ते १९९० या काळात उपसागराच्या तळातला पारायुक्त गाळ उपसून सुमारे ५८ हेक्टर समुद्र भरून काढण्यात आला. उपसागरात पकडलेले दूषित मासे पिंपांत भरून त्याच भरावाखाली पुरले गेले, आणि गाळात जे शिंपले होते ते गाळाबरोबर गेले. आता तेथे गवत आणि झाडे आहेत. ओगाता आणि इतर काहीजणांनी ‘होन्गान नो काई’ नावाचा एक मेळ स्थापन केला. होन्गान म्हणजे सर्व जीवांना तारल्याखेरीज आपण बुद्धत्व स्वीकारणार नाही असा अमिताभ बुद्धाचा मूळ संकल्प. कुगाइ जोदो हा मिनामाताविषयीचा ग्रंथ १९६९ साली लिहिणाऱ्या इशिमुरे मिचिको याही त्यात होत्या. या मेळातल्या रोग्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःच्या हातांनी दगडाच्या छोट्या मूर्ती घडवून त्या भरावावर ठेवल्या. थरथरणाऱ्या हातांनी छिन्नी चालवल्याने काहींचे चेहरे ओबडधोबड उतरले आहेत. त्या माणसांसाठी जशा आहेत तशाच माशांसाठी, पाखरांसाठी, मांजरांसाठी आणि शिंपल्यांसाठीही आहेत, आणि समुद्राकडे तोंड करून बसल्या आहेत.